जीपखालचा डबा

मामा, सुरुवातीलाच माफी मागतो. तुमच्यावर काही लिहावं एवढी माझी ऐपत नाही. गेलेल्या माणसांवर लिहिलेले लेख मी कॉलेजच्या वाचनालयात वाचले आहेत. त्यात गेलेला माणूस मोठा असतो, लिहिणाराही मोठा असतो आणि दोघांमधली बोलणी छापण्यासारखी असतात. आपली बोलणी मातीतेल, पॅकिंग आणि तुमची छाती यापलीकडे फारशी गेली नाहीत. शिवाय आपल्या घराण्यात एवढं लांब काही लिहिणारा मी पहिलाच. हे असंच लिहितात की वेगळं, हे विचारायला घरात कोणी नाही. मराठीच्या सरांना विचारावं असं एकदा मनात आलं. पण ते म्हणाले असते, "तुमचे मामा कोण होते?" आणि मला जीपपासून सुरुवात करावी लागली असती. म्हणून तिथूनच करतो.

आणखी एक सांगून ठेवतो. मला अजून रडू आलेलं नाही. तुमच्या तेरवीला मी पंगतीत वरण वाढलं, पाणी वाढलं, कोणाला भात हवा-नको ते विचारलं. मामीच्या माहेरची एक बाई म्हणाली, "भाचा मोठा धीराचा हाये वं." धीर वगैरे काही नाही, मामा. हातपाय चालतात, जेवण जातं, झोपही लागते. फक्त सगळं जरा लांबून ऐकू येतं. जीपच्या मागच्या बाकावर बसलं की पुढचं बोलणं यायचं तसं, अर्धं.

मॅट्रिक झालो तेव्हा बाबांनी मला शेतीतच धरायचं ठरवलं होतं. तुम्ही कुहीच्या बाजाराहून परत जाताना आमच्या घरापुढे जीप उभी केली आणि खाली न उतरताच आईला म्हणालात, "बाई, वसंताचा बिस्तर बांध. पोट्टा माया घरी राहीन अन् कॉलेजात जाईन."

बाबा खाटेवरून म्हणाले, "कॉलेजात जाऊन काय करन थो?"

"ते मले काय माहीत? माहीत असतं तं मीच नसतो गेलो?"

माझं शिक्षण ठरलं ते एवढ्याच बोलण्यात. नागपुरात सक्करदऱ्याच्या तुमच्या बोळीत जीप थांबली, मी ट्रंक घेऊन उतरलो, आणि सगळ्या शेजाऱ्यांसमोर तुम्ही वाकून माझ्या पाया पडलात. कॉलेजातल्या पश्चिम महाराष्ट्राकडच्या मित्रांना हे मी सांगितलं तर त्यांना खरंच वाटेना. त्यांच्याकडे भाचा मामाच्या पाया पडतो. आपल्याकडे भाचा म्हणजे पूजेचा माणूस. मामानं त्याच्या पाया पडायचं, त्याला काम सांगायचं नाही, त्याला उष्टं काढू द्यायचं नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. मी पाय मागे घेतले तर तुम्ही ते धरूनच ठेवले आणि मामीला हाक मारलीत, "पाय वं, आता देवळात जाची गरज नाई. देवच राहाले आला."

मामी दारातून म्हणाली, "देवाले म्हणा, चपला बाहेर काढत जाय. आताच सारवलं हाये."

या रिवाजानं मला फार छळलं. तुम्ही सकाळी जीप धुवायचे आणि मी ओट्यावर पुस्तक घेऊन बसायचो. बादली उचलायला गेलो की तुम्ही ओरडायचे, "ठेव! तुया मायले कळलं तं म्हणन, भावानं पोराले पाणक्या केलं." तुमच्या घरात मी इतकी वर्षं राहिलो, पण तुमच्या पायांना मला एकदाही हात लावता आला नाही. परीक्षेला जाताना सगळी मुलं घरातल्या मोठ्यांच्या पाया पडून यायची. मी तुमच्याकडून पाया पडून घेऊन जायचो.

ती जीप माझ्याहून वयानं मोठी होती. लष्करानं लिलावात काढलेली, कोणाकोणाच्या हातून फिरत तुमच्याकडे आली. बाजाराच्या दिवशी सक्करदऱ्याहून कुहीकडे माणसं, कोंबड्या, धान्याच्या बोऱ्या. एरवी लग्नाची वऱ्हाडं, दवाखान्यात न्यायचे आजारी. तिचं बॉनेट उघडलं की आत इंजिन दिसायचं नाही. काळी पडलेली गुळाची ढेप कोणी तिथे ठेवून दिली आहे असं वाटायचं. तेल, धूळ, गिरीस, धानाचा कोंडा, सगळं वर्षानुवर्षं बसून घट्ट झालेलं. दर दसऱ्याला तुम्ही त्या ढेपेवरच कुंकू वाहायचे. आणि खाली, इंजिनाच्या बरोबर खाली, वनस्पती तुपाचा एक अर्धा कापलेला डबा. जीप रात्री जिथे उभी राहील तिथे तो डबा सरकवायचा. सकाळी त्यात तेल साचलेलं असायचं. ते फडक्यातून गाळून तुम्ही पुन्हा इंजिनात ओतायचे. तो डबा कोरडा मी कधी पाहिला नाही. तुम्हीही पाहिला नव्हता.

डोमाजी कासार तुमचे कायमचे गिऱ्हाईक. बांगड्यांचं गाठोडं मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसायचे आणि उतरेपर्यंत जीपला नावं ठेवायचे. "वसंता, तुया मामाच्या गाडीत हिरव्या बांगड्या घेऊन बसलो तं कुहीले काळ्या निघतात गा. बायका म्हणतात, डोमाजी, कोनाच्या मयतीतून आला?"

"उतर मंग. पायी जाय," तुम्ही म्हणायचे.

"पायी गेलो तं तुले शिव्या कोन देईन?"

तुमचं दुखणं मला पहिल्यांदा दिसलं ते हँडल मारताना. थंडीत जीप सहज सुरू व्हायची नाही. पुढे वाकून हँडल फिरवायचं, पुन्हा फिरवायचं. एकदा इंजिन लागलं आणि तुम्ही लगेच सीटवर आला नाहीत. बॉनेटला धरून उभे राहिलात, वर पाहत, जणू आभाळ बघताहात. आभाळात काही नव्हतं. तुमचा डावा हात खांद्यापासून लोंबत होता आणि उजव्या हातानं तुम्ही तो चोळत होतात. मी विचारलं तर म्हणालात, "गॅस." पुढे पुढे गॅस फार वेळा होऊ लागला. पाण्याचा भरलेला पितळी गुंड उचलला की गॅस, देवळाच्या पायऱ्या चढल्या की गॅस.

"मामा, मोठ्या दवाखान्यात दाखवू. सकाळी जाऊ, दुपारी परत येऊ."

"मले काही होऊन नाई राहिलं."

"मग दाखवायला काय हरकत आहे?"

"तुया थोरल्या मामाले हेच म्हणलं होतं. छातीचा फोटो काढला अन् पाऊस नाई संपला तं माणूस गेला. फोटो नसता काढला तं अजूनही शेताच्या धुर्‍यावर बसून बिडी ओढत राहिला असता."

मी म्हणालो, फोटोमुळे माणूस जात नाही, दुखणं आधीच असतं. तुम्ही जीपकडे बोट दाखवलंत. "हे पाय. हा मळ हाये ना, त्यानंच हे इंजन धरून ठेवलं हाये. हा काढ, चारी बाजूनं गळन. जे चालून राहिलं त्याले उघडू नाई, वसंता."

हाच आपला वाद. तो आपण जेवताना घातला, रस्त्यानं घातला, मामी झोपा म्हणेपर्यंत घातला. माझं म्हणणं, मळ काही धरून ठेवत नाही, नुसतं झाकतो. गळतं कुठून ते त्याच्यामुळे दिसत नाही. मी कला शाखेचा विद्यार्थी. इंजिनातलं मला काही कळत नव्हतं, आताही कळत नाही. मी इंजिनाबद्दल बोलतच नव्हतो. तुम्हीही नव्हतात, हे मला वाटतं तुम्हालाही ठाऊक होतं. मामीसमोर मात्र आपण दोघंही इंजिनाबद्दलच बोलायचो.

मग दसऱ्याची सुट्टी लागली. तुम्ही जीप धुतली, झेंडूची माळ घातली, बॉनेट उघडून हातात कुंकवाची वाटी घेतली. मी तुमच्यासमोर जाऊन उभा राहिलो. इतकी वर्षं ज्या रिवाजाचा मला त्रास झाला, तोच मी त्या दिवशी वापरला.

"मामा, भाच्यानं सणाला काही मागितलं तर मामाला नाही म्हणता येतं का?"

तुम्ही वाटी खाली ठेवलीत. "नाई येत. काय पाहिजे? घड्याळ?"

"तुम्ही दवाखान्यात चला."

तुमचा चेहरा मला आठवतो. फसवलं गेलेल्या माणसाचा, पण त्यात थोडं हसूही. तुम्ही बराच वेळ माळेतली झेंडूची फुलं नीट करत राहिलात. मग जीपखालून तो डबा ओढून काढलात, आतलं तेल मला दाखवलंत.

"ज्या सकाळी हा डबा कोरडा दिसन, त्या दिवशी जाईन. भाच्याची आन. पण तुया मामीले यातलं काही सांगजो नको. थे आजच रिक्षा बोलावन."

डबा कधीच कोरडा होणार नाही, हे तुम्हाला माहीत होतं. म्हणूनच तुम्ही ती अट घातली. मलाही ते माहीत होतं. मी म्हणालो, "मग मी इंजिन साफ करतो."

"तू? भाच्याच्या हाताले गिरीस?"

"भाच्यानं मागितलं आहे."

तुम्ही कपाळावर हात मारलात. भाचा जीपखाली आणि मामा ओट्यावर, हे तर तुम्हाला चाललंच नसतं. म्हणून तुम्हीही बसलात. अशा रीतीनं ते काम आपण दोघांनी केलं. तुमच्यासोबत मी केलेलं पहिलं काम ते.

मातीतेल रेशनचं. मामी कॅनला मिठी मारून उभी होती. "चुलीले नाई पुरत अन् इंजनाले पाजता! काहून वं आई, या घरात माणसाहून गाडीचे लाड जास्त!" शेवटी अर्धं दिलं. तिचा भाकर उलटायचा जुना सराता आपण विचारलाच नाही, तसाच घेतला. मी माझा दात घासायचा जुना ब्रश आणला तर तुम्ही हसत सुटलात. "इंजनाचे दात घासतं काय गा? मंग जीभही काढ त्याची!"

प्लगच्या तारा फडक्यात गुंडाळल्या. ढेपेवर मातीतेल शिंपडलं आणि ती भिजायची वाट पाहिली. वरची पापडी सरात्यानं सहज निघाली. त्याच्या खाली लाल मुरमाची धूळ, त्याच्या खाली कोंडा, मग पुन्हा काळं, डांबरासारखं चिकट. मधूनच कुंकवाची बारीक लाल रेघ निघायची, पुन्हा काळं, पुन्हा लाल. तुम्ही एक तुकडा बोटांत धरून म्हणालात, "हा कोंडा त्या वर्षीचा. नाल्याले पूर होता, धान गाडीतून आणलं होतं." एका कोपऱ्यातून हिरव्या बांगडीचा तुकडा निघाला. कोणत्या नवरीचा की डोमाजींच्या गाठोड्यातला, कोण जाणे. तुम्ही तो ओट्याच्या कडेला ठेवलात. मातीतेलाचा वास माझ्या नाकात बसला. तो अजून गेलेला नाही, किंवा मला तसं वाटतं.

एकदा तुम्ही चेंबरचे नट पाहायला जीपखाली शिरलात. बाहेर फक्त पाय दिसत होते. टाचांच्या भेगांत काळं भरलेलं. बराच वेळ पाय हलले नाहीत.

"मामा?"

"थांब. नट पाऊन राहिलो."

पाना माझ्या हातात होता. तुम्ही नुसतेच पडून होतात, मला दिसू नये म्हणून. मी पाना हातात घेऊन बसून राहिलो. थोड्या वेळानं तुम्ही हात बाहेर काढून म्हणालात, "दे पाना," आणि मी तो दिला. त्या वेळी खाली शिरून तुमच्याशेजारी पडून राहायला हवं होतं असं आता वाटतं. वाटतं, एवढंच.

आणि मग तो हिरवा रंग. सोड्याच्या पाण्यानं शेवटचा हात फिरवला, फडक्यानं पुसलं, आणि इंजिनाच्या कुशीवर लष्करी हिरवा रंग दिसला. वर उन्हाची तिरीप पडली होती. तुम्ही वाकून पाहिलंत, मग पुन्हा पाहिलंत.

"हे हिरवं होतं?"

इतकी वर्षं रोज त्याच्या मागे बसून तुम्ही रस्ता तुडवला आणि तुम्हाला त्याचा रंग माहीत नव्हता. मला हसू येणार होतं, पण तुम्ही हसत नव्हतात. खांद्यावरचा दुपट्टा काढून, तुमचा स्वच्छ दुपट्टा, तुम्ही त्या जागेवरचं उरलेलं पाणी टिपलंत. नवजात वासराला पुसतात तसं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्याच आवाजानं मी उठलो. "वसंता! ये, पाय तुयी कारागिरी!" डबा काठोकाठ भरून तेल जमिनीवर सांडलं होतं. तुम्ही कमरेवर हात ठेवून उभे होतात, आनंदानं. "म्हणलं होतं का नाई? मळानं धरलं होतं!"

"गळत होतंच, मामा. मळ ते पीत होता."

"मळ तेल पेते? तुले कॉलेजात हेच शिकवून राहिले काय?"

पण आता गळती कुठून ते दिसत होतं, हे तुम्हीही कबूल केलंत. बाजूच्या झाकणातून एक, चेंबरच्या कडेतून एक. माझ्या कॉलेजच्या बुटांचं खोकं मी माळ्यावर जपून ठेवलं होतं. बूट तुम्हीच घेतले होते, मी भाचा म्हणून. त्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून तुम्ही झाकणाखाली बसवायचं पॅकिंग कापलंत. झाकण पुठ्ठ्यावर ठेवून हातोडीनं कडेकडेनं हलकेच ठोकत गेलात, आणि झाकणाचा आकार पुठ्ठ्यावर आपोआप सुटून आला. गळती थांबली की तुम्हाला दवाखान्यात जावं लागणार होतं, म्हणजे ते पॅकिंग फसण्यातच तुमचं हित होतं. तरी तुम्ही ते पॅकिंग मनापासून कापलंत. माणसाला वाईट काम करताच येत नसेल तर तो काय करणार?

त्यानंतर रोज सकाळी मी उठून आधी जीपखाली पाहायचो. मामी म्हणायची, "पोट्ट्यानं पोथी वाचल्यासारखा डबा वाचणं लावला." तेल कमी होत गेलं. वाटीभर, मग पळीभर, मग तळाशी नुसता ओघळ. दर वेळी काहीतरी नवीन सापडायचं, तुम्ही पुन्हा नट आवळायचे, पुन्हा पुठ्ठा कापायचे. दिवाळी झाली. धान कापणीला आलं आणि बाबांनी मला बोलावलं. निघायच्या सकाळीही मी वाकून पाहिलं. डब्यात रुपयाएवढा डाग होता.

"आज नाई," तुम्ही म्हणालात. तुमच्या आवाजात सुटका होती की खंत, हे मला कळलं नाही. तुम्ही माझ्या पाया पडलात. मी एसटीत बसलो.

त्यानंतरची ती सकाळ. तेव्हा मी नव्हतो, म्हणून तिच्याबद्दल लिहीत नाही. मामीनं सांगितलं ते मी ऐकलं आहे, पण ते मामीचं आहे.

मला निरोप बांधावर मिळाला. हातात विळा होता. तुमचे शेजारी मोटारसायकलवर आले होते, त्यांनी नुसतं "मामा" म्हटलं आणि पुढचं मला कळलं. मी विळा पेंढीत खोचून ठेवला, हात धुतले. आईला सांगितलं. सक्करदऱ्याला पोचलो तर बोळ माणसांनी भरली होती. लोकांना उभं राहायला जागा व्हावी म्हणून कोणीतरी जीप ढकलून कोपऱ्यावर नेली होती. तिच्या जागेवर जमीन काळी होती. डबा नव्हता. कोणी कुठे फेकला की कशाला नेला, मी विचारलं नाही. त्या दिवशी डबा शोधणारा माणूस वेडा दिसला असता.

तुम्हाला आंघोळ घालताना मी पाण्याची बादली धरली. कोणी म्हणालं नाही, भाच्याला काम सांगू नका. मग मी तुमच्या पायांना हात लावला. आयुष्यात पहिल्यांदा. कोणी अडवलं नाही, तुम्हीही नाही. मी टाचा घासल्या. साबण लावला, पुन्हा घासल्या. भेगांतलं काळं निघालं नाही. कोणीतरी म्हणालं, "राहू दे गा, पोरा," आणि मी राहू दिलं.

मला तुम्हाला काय सांगायचं राहून गेलं, याचा मी पुष्कळ विचार केला. मोठं असं काही सापडत नाही. "मामा, बूट चावत नाहीत आता," हे सांगायचं होतं. तुम्ही विचारलं होतंत आणि मी वाचत होतो म्हणून नुसता हुंकार दिला होता. तुम्ही बाबांना दिलेलं उत्तर मी कॉलेजात सगळ्यांना सांगतो, हेही सांगायचं होतं. आणि हे की मी कॉलेजात काय करतो ते मलाही अजून नीटसं माहीत नाही, पण आवडतं. आपल्या वादात कोण बरोबर होतं ते तर राहूनच गेलं. तुम्ही गेलात तेव्हा डब्यातला तो रुपयाएवढा डाग माझ्या डोक्यात होता. म्हणजे वाद तुमच्याकडेच झुकलेला होता. मला वाटायचं, आपण उघडायला नको होतं. मग वाटायचं, उघडलं म्हणून तुम्हाला हिरवा रंग तरी दिसला. यापुढे विचार जात नव्हता.

तेरवी आटोपून मी आईला सोडायला गावी गेलो. कुहीचा बाजार होता. आईला मीठ-मिरची घ्यायची होती, ती पुढे गेली. मागून आवाज आला, "ओ भाचेबुवा!"

डोमाजी कासार. गाठोडं सोडून बसलेले, समोर एक बाई हात पुढे करून. लग्नसराई सुरू झालेली, त्यामुळे ते नागपूरकडे फिरकलेच नव्हते, हे माझ्या नंतर लक्षात आलं. ते बाईच्या मनगटावर बांगडी चढवत होते, म्हणून मान वर न करताच बोलत होते.

"रागावू नको गा. तुया मामाचा निरोप माया पोटात कवाचा सडून राहिला. मांढळले गेलो, तिथून पुढं लग्नं लागत गेली, तुया गावाकडं येणंच नाई झालं."

"काय निरोप?"

"मले तं काही समजला नाई. सक्करदऱ्याले उतरून चालू लागलो, तं मागून आवाज देला. म्हणे, डोमाजी, वसंताले सांगजो, डबा कोरडा हाये. मी म्हणलं, कायचा डबा? तं हासून राहिला. म्हणे, बोट फिरवून पाह्यलं, कोरडा हाये. त्याले म्हणा, तू जितला. धानाचं आटपून ये, तू आला का जाऊ. कुठी जाऊ ते काही बोलला नाई. म्हणे, त्याले माहीत हाये."

बांगडी मनगटावर चढली. त्यांनी बाईचा हात सोडला आणि आता कुठे माझ्याकडे पाहिलं.

"परवा मी नागपूरले जाऊन राहिलो. काय सांगू त्याले?"